‘जगातील धर्म’ हा विषय घेतलाय, आता? : वाचकांचे प्रश्न

पदवीच्या पहिल्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह म्हणून ‘जगातील धर्म’ किंवा ‘धर्मांचा तौलनिक परिचय’ घेतलेल्या विद्यार्थ्यांची आणि एका पालकांची पत्रं या वेळी निवडली आहेत.

प्रश्न : सरांनी आठ धर्मांचा तक्ता दिलाय : संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ, सण. तो पाठ केला तर चालेल का? (प्रथम वर्ष वाणिज्य, सांगली)

दोन मार्कांच्या प्रश्नापुरता चालेल. त्यापुढे तोच तक्ता गोत्यात आणतो, कारण त्याचे रकाने एका ठरावीक साच्याचे आहेत. एक संस्थापक, एक ग्रंथ, एक देव. ख्रिस्ती धर्म त्यात बऱ्यापैकी बसतो, बाकीच्यांना कोंबावं लागतं. हिंदू धर्माच्या ‘संस्थापक’ रकान्यात रेघ मारावी लागते. जैनांच्या ‘देव’ रकान्यात बरेच जण ‘महावीर’ लिहून मोकळे होतात. महावीर हे चोविसावे तीर्थंकर. ते जैन परंपरेच्या मते संस्थापक नव्हेत आणि जग निर्माण करणारा देव तर नव्हेतच, कारण असा निर्माता जैन विचारात मानलेलाच नाही. इस्लामपुढे ‘संस्थापक : मुहंमद पैगंबर’ असं असतं. सातव्या शतकातल्या अरबस्तानात त्यांच्याभोवती नवा समाज उभा राहिला, हे इतिहासाचं म्हणणं. मुसलमान स्वतः त्यांना संस्थापक म्हणत नाहीत. आदमपासून चालत आलेल्या पैगंबरांतले शेवटचे म्हणतात. उत्तरात दोन्ही लिहा, पण कोणतं म्हणणं कोणाचं ते सांगून.

‘ग्रंथ’ हा रकाना वरवर सोपा दिसतो. बायबलची पुस्तकं किती? प्रॉटेस्टंटांकडे 66, कॅथलिकांकडे 73. ज्यूंच्या बायबलमध्ये 24, पण मजकूर प्रॉटेस्टंटांच्या ‘जुन्या करारा’तल्या 39 पुस्तकांचाच, मोजण्याची रीत वेगळी. शीखांच्या रकान्यात ‘गुरू ग्रंथ साहिब’ लिहिलं की काम झालं असं वाटतं, पण 1708 साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाकडे सोपवलं. म्हणजे तो शीखांचा नुसता पवित्र ग्रंथ नाही, आजचा गुरू आहे. सकाळी त्याचा ‘प्रकाश’ होतो, रात्री ‘सुखासन’. पुस्तक उघडलं-मिटलं एवढं लिहिलंत तर मुद्दा हातातून गेला. (त्यात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत, हे मराठी मुलांनी तरी विसरू नये.)

जपानात तर बेरीजच चुकते. तिथे शिंतो आणि बौद्ध संस्थांनी दिलेले अनुयायांचे आकडे एकत्र केले की ते देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरतात. मूल झालं की शिंतो देवस्थानात नेणं आणि माणूस गेला की बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करणं, यात तिथल्या लोकांना काही विसंगत वाटत नाही. ‘एका माणसाचा एकच धर्म’ हेसुद्धा त्या साच्यातलंच गृहीतक.

तेव्हा तक्ता करा, पण शेवटी एक रकाना वाढवा : ‘इथे कुठे अडतं?’ मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्याच रकान्यातून निघेल.

प्रश्न : ‘कोणत्याही दोन धर्मांची तुलना करा’ या प्रश्नात माझे मार्क नेहमी जातात. शेरा एकच : ‘वरवरचे’. (प्रथम वर्ष कला, लातूर)

‘हिंदू आणि इस्लाम’ एवढी मोठी तुलना पाच पानांत होत नाही. एक बारकी गोष्ट धरा. निनियन स्मार्ट या अभ्यासकाने धर्माची सात अंगं सांगितली आहेत : विधी, कथा, अनुभव, तत्त्वविचार, नीती-नियम, समाज-संस्था आणि वस्तू-वास्तू. बहुतेक अभ्यासक्रमांत ती असतात. त्यातलं एक अंग घ्या आणि त्यातलीही एकच कृती निवडा.

उपवासाचं उदाहरण घेऊ. मराठीत आपण सगळ्यालाच ‘उपवास’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. रमजानच्या रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. सूर्य मावळला की जेवण. जैनांच्या उपवासात अन्न पूर्ण बंद. तिविहार असेल तर फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंत, आणि चौविहार असेल तर तेही नाही. असे सलग आठ उपवास म्हणजे अठाई. कॅथलिकांचे सक्तीच्या उपवासाचे दिवस वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण चालतं, मांस नाही. ज्यूंच्या योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, साधारण 25 तास काहीच नाही, पाणीही नाही. आणि आपली एकादशी? धान्य वर्ज्य, साबुदाण्याची खिचडी चालते. गंमत अशी की त्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शिवाय शेंगदाणा, मिरची आणि सोबतचा बटाटा, ही सगळी पिकं अमेरिका खंडातून आलेली. म्हणजे कोलंबसाच्या आधीच्या कुठल्याही व्रतग्रंथात त्यांना परवानगी असणं शक्यच नाही. ‘उपवासाला काय चालतं’ हे पोथीबरोबर स्वयंपाकघरही ठरवत आलं आहे. हे एक वाक्य तुमच्या उत्तरात आलं तर ‘वरवरचे’ हा शेरा यायचा नाही.

आता प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा. उपवास कशासाठी? जैनांसाठी तप हे साठलेलं कर्म झडण्याचं, म्हणजे निर्जरेचं साधन. मुसलमानांसाठी अल्लाहची आज्ञा आणि त्याची जाणीव राखणं. कॅथलिकांसाठी पश्चात्ताप आणि ईस्टरची तयारी. चुकला तर काय? रोजा आजारी माणसाला किंवा प्रवाशाला सोडता येतो, पण ते दिवस नंतर भरून काढायचे असतात. सुटतो कसा? इफ्तार बहुधा एकत्र बसून होते, जैन उपवासाचं पारणं दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर. साम्य एका परिच्छेदात संपवा. मार्क फरकाच्या कारणांना असतात.

‘सर्व धर्म उपवासातून संयमच शिकवतात’ असं वाक्य शेवटी लिहायचा मोह होईल. ते भाषणात शोभतं, उत्तरपत्रिकेत त्याने इतक्या कष्टाने दाखवलेले फरक पुसले जातात.

प्रश्न : मी श्रद्धाळू घरातली आहे. दुसऱ्या धर्माबद्दल लिहिताना ‘ते खरं आहे’ असं लिहायचं की ‘खोटं आहे’? (प्रथम वर्ष विज्ञान, सातारा)

दोन्ही नाही. हा निवाडा अभ्यासापुरता बाजूला ठेवायचा असतो, सोडून द्यायचा नसतो. व्यवहारात ही क्रियापदांची शिस्त आहे. ‘येशू तिसऱ्या दिवशी उठला’ हे श्रद्धेचं वाक्य. ‘येशू उठला अशी अंधश्रद्धा आहे’ हा तुमचा निकाल. ‘येशू तिसऱ्या दिवशी उठला असं ख्रिस्ती मानतात आणि रविवारची उपासना त्या श्रद्धेशी जोडलेली आहे’ हे अभ्यासाचं वाक्य.

खरी परीक्षा स्वतःच्या धर्मावर लिहिताना होते, कारण तिथे ‘मानतात’ हा शब्द आपसूक गळतो. लिहून झालं की उत्तर पुन्हा वाचा. इतरांपुढे ‘मानतात’ आणि आपल्यापुढे ‘आहे’ असं पडलं असेल तर दुरुस्त करा. ‘आपण’, ‘आपला धर्म’ हे शब्दही उत्तरात नकोत. शिक्षकांच्या ते पहिल्या ओळीतच लक्षात येतं.

प्रश्न : मूळ ग्रंथ वाचायला सांगितलेत. कुराण पहिल्या पानापासून सुरू केलं, दुसऱ्या सूरातच अडकलो. (द्वितीय वर्ष कला, रत्नागिरी)

अडकणारच. दुसरा सूरा, म्हणजे अध्याय, सगळ्यात मोठा, 286 आयतींचा (वचनांचा). कुराणाचे 114 सूरे काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत; पहिला छोटा सूरा सोडला तर ढोबळमानाने मोठ्यांकडून लहानांकडे जातात. परंपरेनुसार सर्वांत आधी उतरलेल्या मानल्या जाणाऱ्या आयती 96व्या सूऱ्यात आहेत. नवख्याने शेवटाकडून सुरुवात करावी. तिथले बरेचसे सूरे मक्केतले, आखूड आणि लयदार आहेत. मग मदिनेच्या काळातले लांब, नियम-कायद्यांचे सूरे घ्यावेत. सूरा मक्की की मदनी हे बहुतेक भाषांतरांत मथळ्याशी दिलेलं असतं.

बायबलसाठी एका संध्याकाळचा प्रयोग करा. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांचे पहिले दोन-दोन अध्याय समोरासमोर ठेवा आणि पेन्सिलने खुणा करा. ताऱ्यामागून आलेले ज्ञानी फक्त मत्तयात, मेंढपाळ फक्त लूकमध्ये. ज्ञानी तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. भेटी तीन आहेत. नाताळच्या गोठ्यात मात्र सगळे एकत्र उभे असतात. ग्रंथ आणि परंपरा यांतलं अंतर इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

संदर्भ पान क्रमांकाने देऊ नका, आवृत्तीगणिक पानं बदलतात. कुराणाला सूरा आणि आयत, बायबलला पुस्तक, अध्याय, ओवी, ऋग्वेदाला मंडल, सूक्त, ऋचा. अपवाद गुरू ग्रंथ साहिबचा. त्याच्या प्रमाण छापील प्रतीची पानं कायम 1430 असतात, त्यांना ‘अंग’ म्हणतात, म्हणून तिथे अंगाचा क्रमांकच संदर्भ.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी एका प्रार्थनास्थळाला भेट द्यायची आहे. काय तयारी करू? (प्रथम वर्ष, पुणे)

स्थळ निवडतानाच चूक होते. अग्यारी निवडू नका. भारतात पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, फाटकावरून परत याल. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आधी परवानगी आणि ओळखपत्र लागतं, आणि शनिवारी जायचं झालं तर वही, पेन, मोबाइल बाहेर, कारण शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणं आणि फोटो काढणं वर्ज्य. पुण्यात 1867 साली बांधलेलं ‘लाल देऊळ’ हे सिनेगॉग डेव्हिड ससून यांच्या बगदादी ज्यूंचं, तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल हा वेगळा समाज. त्यांच्यासाठी वल्हांडणाच्या सणाचा ‘हग्गादा’ (त्या रात्री वाचायची पोथी) 1846 मध्ये मुंबईत मराठीत छापला गेला होता. दोघांना अहवालात एक करू नका.

मशिदीत शुक्रवारची दुपार टाळा, बोलायला कोणाला सवड नसते. गुरुद्वारात डोकं झाका, तंबाखू-सिगारेट खिशातही नको, पाय ग्रंथाकडे करून बसू नका. कडाह प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर. कॅथलिक मिसेत (सामूहिक उपासनेत) कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरी घेण्याच्या, रांगेत उभं राहू नका. तो प्रसाद नव्हे, तो कॅथलिकांसाठीचा संस्कार आहे. सगळे उठले की जागेवरच बसून राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही.

विहारात जाणार असाल तर एक सावधगिरी. पाठ्यपुस्तकातला बौद्ध धर्म तिथे शोधू नका. 2011च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रातले होते, आणि त्यातल्या बहुतेकांची वाट 14 ऑक्टोबर 1956च्या नागपूरच्या धम्मदीक्षेतून आलेली. तिथे त्रिशरण-पंचशीलाच्या जोडीला 22 प्रतिज्ञा आहेत. चार आर्यसत्यं ही बुद्धाची मूळ शिकवण असेल का, असा प्रश्न डॉ. आंबेडकरांनीच उपस्थित केला होता. ‘इथले लोक खरा बौद्ध धर्म पाळत नाहीत’ असं लिहिणारा विद्यार्थी पुस्तकाला मोजपट्टी समजतोय, एवढंच.

वहीत पानाचे दोन भाग करा : डावीकडे दिसलं ते, उजवीकडे कोणी सांगितलं ते. विधी चालू असताना लिहू नका, पण त्याच संध्याकाळी लिहून काढा. दुसऱ्या दिवशी क्रम हरवतो. ‘तुमच्या धर्मात स्त्रियांचं स्थान काय?’ असा प्रश्न विचारला की पाठ केलेलं उत्तर मिळतं. ‘मघाशी काय काय झालं ते सांगाल का? ते कोणी करायचं असतं?’ असं विचारा. त्यात स्त्रियांचं स्थान आपोआप येतं. बोलणाऱ्यांची नावं विचारल्याशिवाय अहवालात घालू नका.

प्रश्न : ईद दर वर्षी मागे सरकते, दिवाळी नाही. दोन्ही चांद्र कालगणना ना? (प्रथम वर्ष विज्ञान, नागपूर)

दिवाळीही सरकते, पण परत येते. बारा चांद्रमासांचं वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी तोकडं. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला की पुन्हा 8 नोव्हेंबर. इस्लामी कालगणनेत अधिक महिना घालायला मनाई आहे, म्हणून रमजान ईद 22 एप्रिल 2023, 11 एप्रिल 2024, 31 मार्च 2025 अशी मागेच जाते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. ज्यू 19 वर्षांत सात अधिक महिने घालतात.

प्रश्न : मुलाच्या कॉलेजात हा विषय आहे. सरकारी पैशावर धर्म शिकवणं घटनेत बसतं का? (पालक, कोल्हापूर)

बसतं. अनुच्छेद 28 पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत ‘धार्मिक शिक्षणा’ला, म्हणजे धर्माचे विधी, उपासना आणि आचार शिकवण्याला मनाई करतं. धर्मांविषयीचा अभ्यास त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002च्या अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं आहे. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत प्रार्थनेची किंवा धार्मिक शिक्षणाची सक्ती झाली तर त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या कलमाचा आधार घेता येतो. तिथे विद्यार्थ्याची स्वतःची संमती लागते, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची. मुलगा अठरा पूर्ण असेल तर ती सही त्याची, तुमची नव्हे.