बॅलेचा हंगाम : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे बॅले या युरोपीय नृत्यप्रकाराच्या एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्यालाच दिले आहे. नाशिक जिल्ह्यातील कितीतरी घरांतून आई-वडील वर्षातले काही महिने परदेशी मुलांकडे राहून येतात आणि तिथल्या शहरांतील नृत्यसंस्थांची ओळख त्यांना नातवंडांमुळे होते. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय 68 आहे. दिंडोरी तालुक्यातील आमची द्राक्षबाग आता धाकटा मुलगा पाहतो. मोठा मुलगा अमेरिकेत एका मध्यम आकाराच्या शहरात असतो. सप्टेंबरात आम्ही दोघे सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. तिथल्या बॅले संस्थेच्या येत्या हंगामाचे पत्रक त्याने पाठवले आहे : ऑक्टोबरात ‘जिझेल’, डिसेंबरात ‘नटक्रॅकर’, फेब्रुवारीत ‘स्वान लेक’ आणि मार्चच्या आरंभी तीन छोट्या नव्या रचना. नऊ वर्षांची नात ‘नटक्रॅकर’मध्ये उंदीर होणार आहे. मुलगा म्हणतो की चारही प्रयोगांची तिकिटे एकदम काढू. आम्हाला इंग्रजी बेताचे येते. नातीचा एक प्रयोग पाहिला तर पुरे नाही का?

उत्तर : चारही पाहावेत, आणि त्यातही ‘जिझेल’ चुकवू नये. बॅलेत रंगमंचावर कोणी बोलत नाही, बहुतेक रचनांत कोणी गातही नाही, त्यामुळे भाषेची अडचण आपल्याला येणार नाही. जिथे कथा सांगायची असते तिथे ठरलेला हस्ताभिनय असतो. चेहऱ्याभोवती तळहात फिरवला की ‘सुंदर’, दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांभोवती फिरवले की ‘नाच’, अनामिकेकडे बोट दाखवले की ‘लग्न’, दोन बोटे उंचावली की ‘शपथ’, आणि वळलेल्या मुठींची मनगटे एकमेकांवर टाकून हात खाली आणले की ‘मृत्यू’. एवढ्या पाच खुणा घरून निघण्यापूर्वी लक्षात ठेवल्या तरी बरेचसे कथानक उलगडते.

‘जिझेल’ 1841 मध्ये पॅरिसला प्रथम रंगमंचावर आले आणि आजही जगभर होते. पण आपल्याला ते पाहायला सांगण्याचे माझे कारण वेगळे आहे. त्याचा पहिला अंक घडतो तो द्राक्षांच्या काढणीच्या दिवसांत. गावकरी द्राक्षांच्या टोपल्या घेऊन येतात, काढणीचा उत्सव होतो आणि जिझेल या साध्या शेतकरी मुलीला त्या उत्सवाची राणी करून तिच्या डोक्यावर वेलीच्या पानांचा मुकुट ठेवतात. तिचा प्रियकर हा गावकऱ्याच्या वेशात आलेला सरदार आहे, त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले आहे, आणि हे उघड होताच ती भ्रमिष्ट होऊन तिथेच प्राण सोडते. लग्नाआधीच फसवणुकीने मेलेल्या मुलींचे आत्मे दुसऱ्या अंकात पांढऱ्या वेशात येतात आणि सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. त्यांच्यापासून आपल्या त्याच प्रियकराला पहाटेपर्यंत वाचवते ती जिझेलच. पहिल्या अंकात ती एका फुलाच्या पाकळ्या तोडत ‘प्रेम आहे, प्रेम नाही’ असे मोजते, तो क्षण नीट पाहावा. वेड लागल्यावर तेच मोजणे ती हातात फूल नसताना पुन्हा करते, आणि पहिले ज्याने पाहिले आहे त्याचा घसा दुसऱ्या वेळी दाटून येतो.

‘स्वान लेक’ 1877 मध्ये मॉस्कोत झाले तेव्हा फारसे नावाजले गेले नाही. 1895 मध्ये मारियस पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह या नृत्यरचनाकारांनी सेंट पीटर्सबर्गला ते नव्याने बसवले आणि त्या मांडणीवरच आजचे बहुतेक प्रयोग उभे आहेत. शापाने हंस झालेली राजकन्या आणि तिचे रूप घेऊन राजपुत्राला भुलवणारी मुलगी या दोन्ही भूमिका बहुतेक वेळा एकच नर्तिका करते. मोठ्या संस्था 24 किंवा त्याहून अधिक हंस उभे करतात. मध्यम शहराच्या संस्थेत ते कमी असतील, त्याने काही बिघडत नाही. आपण नायिकेवरून दृष्टी काढून थोडा वेळ मागच्या रांगेकडे पाहावे. सगळ्यांच्या माना एकाच वेळी, एकाच कोनात झुकतात, आणि कोणा एकीनेही हात बोटभर वर नेला तर तो लगेच डोळ्यांत भरतो.

द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत काय तयार होत आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर निघणारा घड त्या वेळीच ठरून गेलेला असतो, हे मी आपल्याला सांगायला नको. त्या रांगेतील मुलींचा रोज सकाळचा, आडव्या दांड्याला हात लावून केलेला दीड तासाचा सराव हा तसाच न दिसणारा भाग आहे, आणि बागायतदाराच्या नजरेला तो इतरांहून लवकर दिसेल असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझी बहीण अमेरिकेत राहते. तिच्या गावी दर डिसेंबरला तेच ते ‘नटक्रॅकर’ होते. नवे काही करण्याऐवजी या संस्था एकाच खेळावर का अडून बसतात? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड)

उत्तर : कारण उरलेला हंगाम त्या एका खेळावर जगतो. नर्तकांचा आठवड्याचा पगार, सभागृहाचे भाडे, वेशभूषा, बूट हे सारे वर्षभर चालू असते आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा बहुतेक संस्थांना डिसेंबरच्या त्या दोन-तीन आठवड्यांत मिळतो. उंदीर, सैनिक, मेजवानीला आलेली मुले अशी बालभूमिकांची रेलचेल त्यात आहे, म्हणून गावातील पन्नास-साठ मुले सहज सामावली जातात आणि प्रत्येक मुलामागे आई-वडील, आजी-आजोबा, शेजारी येतात. पहिल्या पत्रातील तीन छोट्या नव्या रचनांना मार्चमध्ये सभागृह कदाचित अर्धेच भरेल. त्या रचनांचा खर्च डिसेंबरातील उंदरांनी आधीच भागवलेला असतो.

हे काही मुळापासून असे नव्हते. चायकोव्हस्की यांच्या संगीताचे हे बॅले 1892 मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाले तेव्हा समीक्षकांनी ते उचलून धरले नाही. अमेरिकेत ते पूर्ण स्वरूपात 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला प्रथम झाले, 1954 मध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशिन यांनी ते न्यूयॉर्कला बसवले, आणि त्यानंतर गावोगावच्या संस्थांनी ते आपले केले. त्या संस्थांचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कपासून दूर अटलांटात डोरोथी अलेक्झांडर यांनी 1929 मध्ये आपली संस्था काढली, आणि 1956 मध्ये तिथेच प्रादेशिक बॅले संस्थांचा पहिला महोत्सव भरला. चांगले नृत्य पाहायला न्यूयॉर्क गाठावे लागू नये हा त्यामागचा आग्रह होता, आणि तो आग्रह टिकला तो हंगामाची तिकिटे आगाऊ काढणाऱ्या गावकऱ्यांमुळे. पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी संस्थेच्या हातात पैसा येतो, म्हणूनच ती नर्तकाला पुढच्या मेपर्यंतच्या कामाचा शब्द देऊ शकते. आपल्या भगिनींनी या डिसेंबरात कंटाळा आला तरी जावे, अशी माझी विनंती त्यांना कळवावी.

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची आहे आणि पाच वर्षे कथक शिकते. मोबाइलवर बॅले पाहून तिने टोकावर उभे राहण्याचे बूट ऑनलाइन मागवण्याचा हट्ट धरला आहे. तिच्या गुरू रागावल्या आहेत. बॅलेने कथक बिघडते असे त्या म्हणतात. काय करावे? (कॉलेज रोड)

उत्तर : बूट मागवू नयेत. ही गोष्ट मुलीला रागावून नव्हे, बूट कसा असतो ते दाखवून सांगावी. पॉइंट शूज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बुटाचे टोक कापड, कागद आणि खळीचे थर वाळवून कडक केलेले असते, तळव्याखाली एक ताठ पट्टी असते आणि वरून साटीन असते. दुकानातून आलेला बूट तसाच पायात चढत नाही. नर्तिका स्वतः सुई-दोरा घेऊन त्याला फिती शिवते, टोकाला टाके घालते, तळ वाकवून पाहते आणि आवाज कमी व्हावा म्हणून तो जमिनीवर आपटते. एवढे करून तो बूट एखाद्या मोठ्या प्रयोगात एका रात्रीतच मऊ पडून निकामी होऊ शकतो. त्याच्या टोकाच्या जेमतेम दोन बोटे रुंद जागेवर सगळ्या शरीराचा भार येतो. म्हणून काही वर्षांचे नियमित शिक्षण झाल्यावर, साधारण अकरा-बारा वर्षांच्या पुढे, आणि घोटा, पोटरी व कंबर यांचे बळ शिक्षिकेने स्वतः तपासल्यावरच हे बूट देतात. शिक्षणाशिवाय घरी ते घालून पाहणाऱ्या मुलीच्या वाढत्या हाडांना होणारी इजा आयुष्यभर राहू शकते.

गुरूंचा राग समजण्यासारखा आहे, कारण दोन्ही नृत्यांचा देहाला असलेला आदेश उलट आहे. कथकमध्ये पाऊल सपाट पडते, प्रत्येक आघात शंभर-शंभर घुंगरांतून ऐकू यावा लागतो. बॅलेत मांडीच्या खुब्यातून पाय बाहेर वळवतात आणि उडी मारून उतरताना आवाज झाला तर तो दोष मानतात. तरीही एकाने दुसरे बिघडते असे मी म्हणणार नाही. जगात दोन्ही शिकलेले नर्तक आहेत. कथकची मध्यमा ही परीक्षा तोंडावर असताना मात्र नवे शिक्षण सुरू करू नये. ती झाल्यावर मऊ चपट्या बुटांतील प्राथमिक बॅले शिकण्यास हरकत नाही. वर्ग निवडताना आधी जमीन पाहावी. काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर उड्या मारून नडगी आणि गुडघे दुखावतात. खाली पोकळी असलेली लवचीक लाकडी जमीन हवी. शिक्षिका कोणाकडे आणि किती वर्षे शिकल्या हे विचारण्यात संकोच करू नये. मुंबईत तुष्णा डल्लास यांनी 1966 मध्ये सुरू केलेल्या शाळेपासून या शिक्षणाची परंपरा आहे, आणि मुंबईच्याच वर्गातून पुढे आलेला आमिरुद्दीन शाह 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोहोचला.

प्रश्न : प्रयोगाला जाताना पोशाख कसा असावा आणि टाळ्या केव्हा वाजवाव्यात?

उत्तर : नीटनेटकी साडी किंवा साधा झब्बा उत्तम. एखादे नृत्य संपून नर्तक थांबले की मध्येच टाळ्या वाजवलेल्या चालतात. मोबाइल मात्र पूर्ण बंद ठेवावा, कारण अंधारात उजळलेला पडदा मंचावरूनही दिसतो. आणि वेळेवर पोहोचावे; उशिरा येणाऱ्यांना मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे.

प्रश्न : हे सगळे परकीयांचे कौतुक झाले. आपल्याकडे बॅले होते का? असेल तर नाशिकमध्ये असा हंगाम का होत नाही? (पंचवटी)

उत्तर : होते, आणि चांगले होते. नर्तक उदय शंकर यांनी 1923 मध्ये लंडनला रशियन बॅले नर्तिका आन्ना पाव्हलोव्हा यांच्याबरोबर ‘राधा-कृष्ण’ सादर केले. पुढे भारतात परतून अल्मोड्याला त्यांनी जे केंद्र उभारले तिथे शिक्षक असलेले शांती बर्धन यांनी 1952 मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलत. 1953 मध्ये सचिन शंकर यांनी मुंबईतच आपले बॅले युनिट स्थापन केले. बर्धन यांची संस्था नंतर ग्वाल्हेरला आणि तिथून भोपाळला गेली.

आपल्या शहराविषयी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक दृश्य येते. काही वर्षांपूर्वी इथल्या एका नृत्यवर्गाच्या मुलींनी रामायणावर नृत्यनाटिका केली होती. जटायूचे पंख बांबूच्या कामट्यांवर पिवळसर कापडाच्या पट्ट्या एकेक शिवून केले होते. हात पसरले की ते मंचाची निम्मी रुंदी व्यापत आणि पडताना पट्ट्या एकामागून एक मिटत. जटायूचे टाकेद आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे असेल, प्रेक्षागृह त्या क्षणी अगदी शांत झाले. तीन महिन्यांच्या तालमीनंतर त्या नाटिकेचा एकच प्रयोग झाला, तोही निमंत्रितांसाठी विनामूल्य, आणि ते पंख आजही कोणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत. उणीव कलेची नाही. दुसऱ्या प्रयोगाची तारीख कोणी ठरवत नाही आणि ठरवली तर तिकीट कोणी काढत नाही, ही उणीव आहे.

लोकांच्या पैशावर कला उभी राहते हे या शहराला बाहेरून शिकण्याची गरज नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते एखाद्या संस्थानाच्या आश्रयावर नव्हे, तर समाजाच्या पाठबळावर. उत्तरायुष्यात ते नाशिकलाच रामनाम आधाराश्रमात राहिले. आज आपल्याकडे महाकवी कालिदास कलामंदिर आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलींची वाण नाही. शहरातील तीन-चार नृत्यवर्गांनी एकत्र येऊन जूनमध्येच वर्षाच्या तीन तारखा जाहीर कराव्यात : एक दिवाळीनंतरची, एक नाताळच्या सुटीतली, एक रामनवमीच्या सुमाराची. तिन्ही प्रयोगांचे मिळून एकच तिकीट काढावे आणि पालकांनाही ते विकत घ्यायला लावावे. नाताळच्या सुटीतील प्रयोगात लहान मुलांना भरपूर कामे द्यावीत, म्हणजे वानरसेनेच्या जोरावर उरलेल्या दोन प्रयोगांचे भाडे निघेल. पहिल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील असे धरूनच हिशेब मांडावा, आणि जटायूचे पंख माळ्यावरून काढून त्यांचे टाके तपासण्याचे काम पावसाळ्यातच हाती घ्यावे.