लुकलुकणारा स्पीकर आणि अकरावीचं गणित

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत विज्ञान शाखेत आहे. गेले काही महिने ती घरी स्पीकर बनवतेय. बंद पडलेल्या जुन्या म्युझिक सिस्टिममधला स्पीकर काढला, प्लायवूडचा डबा केला, त्यात ५ व्होल्टवर चालणारा छोटा अँप्लिफायर बसवला आणि गाण्याबरोबर लुकलुकणारी एलईडीची पट्टी लावली. सगळं व्हिडिओ बघून. दिव्यांची तार स्पीकरच्या तारेला जोडताना एक अँप्लिफायर जळाला. आता दिवे लावले की गाणं बंद असतानाही घरघर येते आणि ती घालवण्यासाठी ती रात्र रात्र जागते. याच काळात गणितातले गुण घसरले. तिला बारावीनंतर साउंड इंजिनिअरिंगचा छोटा कोर्स करायचाय. आम्हाला वाटतं, पदवी घ्यावी. हा छंद आहे की करिअर? परीक्षेपर्यंत सगळं सामान उचलून ठेवू का? – एक वडील

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य घरघरीचं आहे, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय.

व्हिडिओ बघून स्पीकर जोडणारी मुलं भरपूर असतात. आवाज आला, दिवे लुकलुकले, मित्रांना दाखवून झालं की बहुतेकांचं काम संपतं. थोडी घरघर असली तर असली, गाणं मोठं केलं की ती दबते. तुमच्या मुलीला ती दबवायची नाहीये, घालवायचीय. करिअरबद्दल मत द्यायला मला तो डबा फारसा उपयोगी नाही. उपयोगी आहे तो हा हट्ट.

ही घरघर येते कुठून, ते तुम्हीही समजून घ्या, म्हणजे ती रात्री नेमकं काय करते ते कळेल. अशा पट्टीतला एक रंगीत एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलीअँपिअर घेतो. पट्टीवर असे ६० दिवे असतील तर ३.६ अँपिअर झाले, म्हणजे छोट्या अँप्लिफायरला लागतात त्याहून कितीतरी जास्त. शिवाय दिव्याची चमक कमी करायची म्हणजे तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा. ही वारंवारता कानाच्या टप्प्यातली आहे. दिवे आणि अँप्लिफायर यांची ग्राउंडची, म्हणजे वीज सप्लायकडे परत नेणारी, तार एकच असेल तर दिव्यांच्या प्रत्येक झटक्यासरशी त्या तारेवरचा व्होल्टेज किंचित हलतो. अँप्लिफायरला तो हलणारा व्होल्टेज आणि गाणं यांतला फरक कळत नाही, तो दोन्ही मोठं करून स्पीकरला देतो. उपाय असा : दोघांच्या ग्राउंडच्या तारा वेगळ्या न्यायच्या आणि पॉवर सप्लायपाशी एकाच बिंदूवर जोडायच्या, पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटके शोषणारा भाग) लावायचा, सप्लाय पुरेशा अँपिअरचा घ्यायचा. पण हे तिला लगेच सांगू नका. आधी विचारा, ‘दिवे फक्त लाल केले तर घरघर कमी होते का? दिव्यांना वेगळा सप्लाय दिला तर?’ असे प्रश्न ती स्वतःच स्वतःला विचारत असेल, तर ती इंजिनिअरिंग करतेच आहे, प्रवेश व्हायचा बाकी आहे इतकंच.

जळालेल्या अँप्लिफायरचंही तसंच. ५ व्होल्टवर चालणाऱ्या या छोट्या बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांत स्पीकरच्या दोन तारांपैकी एकही ग्राउंड नसते. चिप दोन्ही तारा उलट्या दिशांनी ढकलते, त्यामुळे कमी व्होल्टेजमधून जास्त ताकद मिळते. त्यातली ‘मायनस’ दिव्यांच्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली की आउटपुट शॉर्ट झालं. दिव्यांसाठी सिग्नल स्पीकरच्या तारेवरून न घेता अँप्लिफायरच्या आधी, इनपुटपाशी घ्यायचा. बोर्ड का जळाला, हे तिने शोधून काढलं की नुसता दुसरा आणून लावला? हे तिला विचारा, पण रागावून नको.

आता व्हिडिओबद्दल. बघून केलं, मग त्यात तिचं काय, असा सूर तुमच्या पत्रात आहे. सुरुवात सगळे बघूनच करतात. पुढचा प्रश्न असा, की बघितल्यापेक्षा वेगळं तिने काय केलं? त्यासाठी दुसरा डबा करायला सांगा, एकच अट बदलून. स्पीकर निम्म्या आकाराचा, किंवा दिवे फक्त ढोलासारख्या खालच्या आवाजालाच पेटले पाहिजेत. आणि काय बदललं, काय मोजलं, काय फसलं हे वहीत लिहायला लावा. ती वही पुढे कुठल्याही मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

हा दुसरा डबा करताना तिचा हात कुठे रेंगाळतो, ते बघा. एका डब्यात तीन-चार वेगवेगळे धंदे बसलेत. एखादं मूल डब्यातच अडकतं. स्पीकरचा पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे विरळ करतो, दोन्ही लाटा एकत्र आल्या की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून तर डबा लागतो. मग डबा बंद ठेवायचा की भोक पाडायचं, किती लिटरचा करायचा? याचं गणित इंजिनिअर नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वाढवलं, आणि त्या दोघांच्या नावाची मापं आजही स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेली असतात. यात रमणाऱ्या मुलांसाठी ध्वनिशास्त्र आहे. सभागृहं, स्टुडिओ, मोटारींच्या केबिन, यंत्रांचा गोंगाट कमी करणं ही सगळी त्यातली कामं. तिथे पदार्थविज्ञान किंवा मेकॅनिकलमधून जाता येतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

दुसरं मूल सर्किटमध्ये रमतं. तिच्या घरघरीवरून माझा कल इकडे आहे, पण पत्रावरून पैज लावणार नाही.

तिसरं दिव्यांच्या प्रोग्रॅममध्ये, आणि इथे थोडं थांबतो, कारण तिचं घसरलेलं गणित इथेच बसलंय. दिवे गाण्याला प्रतिसाद देतात म्हणजे काय? सोपा मार्ग म्हणजे आवाज किती मोठा आहे ते बघून दिवे पेटवणं. मग मोठं गाणं लागलं की सगळे दिवे कायमचे पेटून बसतात आणि हळू गाण्यात एकही पेटत नाही. कानाला आवाज पटींत जाणवतो, म्हणून दिव्यांच्या पायऱ्याही डेसिबलमध्ये, म्हणजे लॉगॅरिदमवर बसवाव्या लागतात. लॉग तिने कंटाळत केला असेल. इथे तो नसेल तर डोळ्यांना नाच दिसतच नाही. पुढे ढोल वेगळा आणि बासरी वेगळी दाखवायची, तर आवाज साइन लाटांमध्ये फोडावा लागतो. त्याची झटपट रीत, फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, कूली आणि ट्यूकी या गणितज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. त्यात त्रिकोणमिती आणि संमिश्र संख्या भरलेल्या आहेत. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन १,०२४ नमुन्यांचा तुकडा फोडला, तर दोन शेजारच्या वारंवारतांमध्ये ४३ हर्ट्‌झचं अंतर पडतं आणि तेवढा तुकडा गोळा व्हायला २३ मिलिसेकंद लागतात. सूर अधिक बारीक ओळखायचे तर तुकडा मोठा घ्यावा लागतो, आणि मग दिवे तालाच्या मागे पडतात. दोन्ही एकदम मिळत नाही. हे तिने एकदा स्वतःच्या पट्टीवर बघितलं, की गणिताच्या शिकवणीवर मी जे सांगेन त्याहून जास्त परिणाम होईल.

तुमच्या काळजीसाठी एक गोष्ट. हे गणित फक्त दिव्यांच्या कामाचं नाही. मोटरचं बेअरिंग खराब होतंय हे तिच्या कंपनांवरून ओळखणं, श्रवणयंत्र, फोनमधला गोंगाट काढून टाकणं, भूकंपाच्या नोंदी वाचणं, बोललेलं ओळखणारी सॉफ्टवेअर : सगळीकडे सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे लाटा फोडून त्यातलं हवं ते शोधण्याचं हे गणित, हाच पाया आहे. स्पीकरचं वेड उद्या ओसरलं, तरी यातलं शिकलेलं वाया जात नाही.

कोर्स की पदवी, यावर तुमच्या घरात बहुधा दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय. साउंड इंजिनिअरिंगचे छोटे कोर्स बहुतेक करून रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचे असतात. ते कानाचं काम आहे. उत्तम काम आहे, पण अनियमित वेळांचं, आणि ओळखीपाळखीवर बरंचसं चालणारं. त्यात सर्किट बनवायला शिकवत नाहीत. तुमच्या मुलीने पत्रात कुठेही गाणं कसं ऐकू येतं याबद्दल काही म्हटलेलं नाही, दिवे आणि घरघर याबद्दल म्हटलंय. (तुम्ही तिच्या वतीने लिहिलंय, त्यामुळे हा अंदाज जपूनच करतो.) तिला मिक्सरसमोर (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या यंत्रासमोर) बसायचंय की मिक्सर बनवायचाय, हे आधी तिच्याकडूनच समजून घ्या. शक्य असेल तर एखाद्या कार्यक्रमाच्या ध्वनिव्यवस्थेच्या माणसांबरोबर तिला एक दिवस घालवू द्या, वायरी उचलण्यापासून. बनवायचंय असं उत्तर आलं, तर इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आणि त्यात सिग्नल प्रोसेसिंग हे विषय निवडणं सरळ पडेल. मिक्सिंगचा कोर्स पदवीबरोबर किंवा नंतर होतो. उलट क्रमाने जाणं अवघड असतं, कारण मधल्या काळात गणिताची सवय मोडते. नुसती कॉम्प्युटरची पदवी घेऊ नये असं माझं मत आहे. सोल्डरिंगची गोडी लागलेल्या मुलांना पूर्ण वेळ पडद्यासमोर बसवलं की ती हिरमुसतात.

रंगमंचाच्या प्रकाशयोजनेचाही एक रस्ता आहे. तिथे डीएमएक्स ५१२ नावाच्या पद्धतीने एका केबलवरून ५१२ चॅनेल चालवतात. पण त्याला नाटकाची, दृश्याची ओढ लागते. ती असती, तर पत्रात दिव्यांच्या रंगांबद्दल दोन शब्द आले असते.

सामान उचलून ठेवायचं का? नाही. सामान गेलं तरी डोक्यातली घरघर जाणार नाही, अभ्यासाच्या वहीत सर्किटं निघतील एवढंच. त्याऐवजी वेळ ठरवा, आणि तो तिच्याशी बोलून ठरवा. रात्री सोल्डरिंग गन बंद, कारण थकलेल्या हाताने तारा उलट्या जोडल्या जातात. सुट्टीच्या दिवशी सकाळी हवं तेवढं. गणिताचा जो धडा चालू असेल, त्यातली एक तरी गोष्ट त्या आठवड्यात डब्यात वापरून दाखवायची, अशी अट घाला. कुठला धडा कुठे बसतो हे तिला सुचत नसेल तर शिक्षकांना विचारू द्या.

सुरक्षेच्या दोन गोष्टी तुमच्यासाठी. ती लिथियमची सुटी सेल वापरत असेल, तर संरक्षक सर्किट असलेलीच घ्या, थेट सेलवर सोल्डर करू देऊ नका आणि चार्जिंग कोणी जागं असतानाच करा. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगझगणारे दिवे काही जणांत अपस्माराचा झटका आणू शकतात. दिवे झटकन विझण्याऐवजी हळू मावळतील असं प्रोग्रॅममध्ये करायला सांगा. दोन-तीन ओळींचंच काम आहे, आणि दिसायलाही ते जास्त छान दिसतं.