१६०० हे वर्ष कोणत्या शतकातले?

प्रश्न : सनातील शेवटचे दोन अंक झाकावेत आणि उरलेल्या संख्येत एक मिळवावा, म्हणजे शतक निघते, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. या रीतीने १६०० हे वर्ष सतराव्या शतकात जाते. नातीच्या पुस्तकात मात्र ते सोळाव्या शतकात दिले आहे. तसेच आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणे गावातील शिलालेखात शके ११२८ आहे. तो बाराव्या शतकातला म्हणावा काय?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नातीचे पुस्तक बरोबर आहे. इसवी सन शून्यापासून नव्हे, तर १ पासून मोजला जातो. त्यामुळे पहिल्या शतकाची शंभर वर्षे भरायला १०० हे वर्षही त्यातच धरावे लागते, आणि पुढे प्रत्येक शतकाला हाच हिशेब लागू होतो. आपली रीत एरवी चुकत नाही, फक्त शेवटी दोन शून्ये आली की फसते. म्हणून सनातून आधी एक वजा करावा. १६०० चे १५९९ झाले, दोन अंक झाकून १५ उरले, एक मिळवला की सोळा. आपल्या खानदेशाच्या इतिहासात हा उंबरठा मोठा आहे : अकबराचा असीरगडाला वेढा १६०० मध्ये चालू होता आणि गड पडून फारुकी राजवट संपली ती जानेवारी १६०१ मध्ये, म्हणजे सतराव्या शतकाच्या पहिल्याच महिन्यात.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. शके ११२८ हे शालिवाहन शकाचे बारावे शतकच आहे. पण इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवले की १२०६ येते (शक वर्ष चैत्रात बदलत असल्याने जानेवारी ते मार्चमधील तिथींना ७९ मिळवावे लागतात), आणि ते तेरावे शतक होते. या लेखाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या गणिती भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष ‘रस, गुण, पूर्ण, मही’ अशा शब्दांत सांगितले आहे : रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही एक. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६ मिळते, म्हणजे इसवी सन १११४. पाटण्याचा लेख त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाचा आहे. आजोबांचा जन्म इसवी सनाने आणि नातवाचा मठ शकाने मोजला, तर दोन्ही गोष्टी बाराव्या शतकात येतात आणि मधली ९२ वर्षे दिसेनाशी होतात. म्हणून टिपण करताना आकड्याच्या आधी ‘शके’ किंवा ‘इ. स.’ अवश्य लिहावे.