जुन्या अमेरिकन गाड्यांमध्ये एवढं आहे तरी काय? पेट्रोल ढोसणाऱ्या, अवजड आणि नुसत्या चकचकीतच ना त्या?

पेट्रोल ढोसतात हे खरं. बऱ्याचशा अवजडही आहेत. पण ‘नुसत्या चकचकीत’ हे मला मान्य नाही. तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा १९५९ची कॅडिलॅक असणार, मागे उंच पंख आणि त्यांत निमुळत्या लाल दिव्यांच्या जोड्या. तीही मला आवडते. मात्र या गाड्यांवर मी आयुष्यभर जीव लावला तो पत्र्याच्या आत कोणीतरी केलेल्या विचारासाठी.

ओढ लागली ती मुंबईत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ तयार व्हायच्या आणि माझ्या लहानपणी त्यातल्या कितीतरी टॅक्सी म्हणून धावत होत्या. काकांच्या गॅरेजमध्ये त्या दुरुस्तीला येत. सहा सिलिंडरचं साधं फ्लॅटहेड इंजिन, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच, वरचं हेड म्हणजे जवळजवळ नुसतं झाकण. नट खोलून हेड उचललं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकदम समोर. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी यांत डिझेल इंजिनं बसवली, तीही त्या बॉनेटखाली मावली!

नोकरीमुळे मिशिगनला आलो आणि खरी ओळख झाली हडसन या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांची. एकच गाडी निवडा म्हणालात तर मी १९५१ची हडसन हॉर्नेट निवडेन. त्या काळी बहुतेक गाड्यांत खाली पोलादी चासी म्हणजे सांगाडा आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली असे, त्यामुळे गाडीचा तळ उंच असायचा. हडसनने १९४८च्या मॉडेलपासून चासी आणि बॉडी जोडून एकच केली. चासीच्या दांड्या कडेने फिरवल्या, मागे तर चाकांच्याही बाहेरून नेल्या आणि मधल्या जागेत तळ खाली उतरवला. दार उघडून आत पाय टाकला की पाऊल चक्क एक पायरी खाली पडतं. सगळं वजन जमिनीलगत आल्यामुळे एवढी मोठी गाडी वळणावर कलंडत नाही.

इंजिन मात्र जुन्या पद्धतीचं, फ्लॅटहेडच. सहा सिलिंडर, ५ लिटर, १४५ हॉर्सपॉवर. ओल्ड्समोबिल आणि क्रायस्लरकडे तोवर वर व्हॉल्व्ह असलेली नवी व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरची) इंजिनं आली होती. तरीही १९५२ साली नॅसकार या अमेरिकन मोटारशर्यतींच्या संघटनेच्या मुख्य मालिकेतल्या ३४ शर्यतींपैकी २७ हॉर्नेटने जिंकल्या. टिम फ्लॉक त्या वर्षीचा विजेता, आधीच्या वर्षीचा हर्ब थॉमस, दोघंही हॉर्नेटवाले. मला ही हकिकत कितीही वेळा सांगायला आवडते.

पुढे त्याच रचनेने हडसनला अडवलं. जनरल मोटर्स दर दोन-तीन वर्षांनी गाडीचं रूप पालटायची, तर जोडून एक केलेली ही बॉडी बदलायला भयंकर खर्चिक. १९५४मध्ये हडसन नॅश या दुसऱ्या मोटार कंपनीत विलीन झाली, १९५७ नंतर नावही उरलं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं.

मोठ्या कंपन्यांतही असाच विचार सापडतो. १९५५च्या शेव्हरोले बेल एअरचे दोन रंग सगळ्यांना आठवतात, पण तिच्यात शेव्हरोलेचे मुख्य अभियंते एड कोल यांच्या हाताखाली घडलेलं ४.३ लिटरचं व्ही-८ मिळायचं. ओतकाम पातळ भिंतींचं. रॉकर आर्म, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे छोटे तरफ, पत्रा ठोकून बनवलेले, त्यामुळे हलके आणि स्वस्त. त्यांना तेल पोचायचं त्यांनाच ढकलणाऱ्या पोकळ दांड्यांमधून (पुशरॉड), वेगळ्या नळीची गरजच नाही. आठ सिलिंडर असूनही हे इंजिन शेव्हरोलेच्याच सहा सिलिंडरवाल्यापेक्षा हलकं भरलं. त्याच घराण्यातली इंजिनं पुढे कित्येक दशकं निघत राहिली.

या गाड्यांच्या उणिवा मी झाकणार नाही. पोटात घुसणारा ताठ स्टिअरिंगचा दांडा, नावापुरते ब्रेक, सीटचे पट्टे नाहीत. अमेरिकेचा १९६६चा वाहन सुरक्षा कायदा यायलाच हवा होता. रोजच्या प्रवासाला मी कोणालाही अशी गाडी सुचवणार नाही.

पण एकदा जवळून बघा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर अशा हजारो गाड्या रस्त्यावर येतात. गर्दी नको असेल तर जवळच्या इप्सिलँटीत हडसनच्या एका जुन्या विक्रेत्याच्या दुकानातच संग्रहालय आहे, तिथे जा. मालक किंवा तिथली माणसं भेटली तर बॉनेट उघडून दाखवा म्हणा, ती आनंदाने दाखवतात. आणि हॉर्नेट दिसली तर रंग नंतर बघा, आधी वाकून तळाकडे बघा.