नाशिकहून वाशीला पहिला शो: ड्रमरने काय आणायचं आणि आधी काय विचारायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचा बँड, रविवारी रात्री ८.३० ला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मराठी गाण्यांचा कार्यक्रम, ड्रमर इकडे पहिल्यांदाच येतोय. आयोजक म्हणाले, ‘किट इथे आहे, तुम्ही फक्त स्टिक घेऊन या.’ तर आणायचं काय आणि यायचं कसं?

फक्त स्टिक घेऊन येऊ नका. भाड्याचं किट म्हणजे शेल (ड्रमचे नुसते पोकळ सांगाडे) आणि स्टँड, एवढंच धरून चाला. स्नेअर (तारा लावलेला छोटा ड्रम), सिम्बल (धातूच्या थाळ्या) आणि किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल स्वतःचं हवं, कारण वाजवण्याचा पोत या तिघांवर ठरतो आणि भाड्याच्या किटमध्ये सर्वांत जास्त झिजलेलं असतं तेही हेच. बँडची गाडी असेल तर स्टूलही टाका. डुगडुगणाऱ्या स्टुलावर दोन तास बसलात की कंबर धरते आणि दोन्ही पायांचा तोल जातो.

आयोजकाला नाही, किट देणाऱ्या साउंडवाल्याला फोन करा आणि मांडलेल्या किटचे फोटो मागवा. विचारायचं ते असं: किक २० की २२ इंची? टॉम (बाकीचे ड्रम) किती, कोणत्या मापाचे? सिम्बल स्टँड किती, त्यातले बूम, म्हणजे आडव्या दांडीचे किती? हाय-हॅटला (पायाने उघडझाप होणाऱ्या सिम्बलच्या जोडीला) क्लच आहे का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण क्लच हा हमखास हरवणारा भाग आहे. तो नसेल तर वरची सिम्बल धरायला काहीच उरत नाही आणि अख्खा कार्यक्रम बंद हाय-हॅटवर काढावा लागतो. स्वतःच्या सिम्बलच्या बॅगेत एक क्लच कायम ठेवा.

त्याच बॅगेत एका डबीत या वस्तू असू द्या: ड्रम की (सूर लावायची चावी) दोन, फेल्ट (सिम्बलखालच्या मऊ चकत्या) आठ, प्लास्टिकच्या स्लीव्ह (स्टँडच्या आट्यांवर चढवायच्या नळ्या) चार, विंगनट (सिम्बल धरणारे पंखांचे नट) चार. विंगनट ८ मिमीचे आणि ६ मिमीचे, दोन्ही ठेवा, सगळ्या स्टँडचे आटे सारखे नसतात. स्लीव्ह नसलेल्या स्टँडवर सिम्बल लावली की लोखंडी आटे मधलं भोक कुरतडतात, ते लांबट होतं आणि पुढे तिथूनच तडा जातो. विंगनट गच्च आवळू नका, सिम्बल हलती राहिली पाहिजे. शिवाय स्नेअरचं एक वरचं हेड (वाजवायचा पडदा), तो ताणणारे टेन्शन रॉड दोन, स्नेअरच्या तारा बांधायची दोरी किंवा पट्टी, किकवर चिकटवायचा पॅच, गॅफर टेप आणि सुती फडकं.

गालिचा विसरू नका, ४ बाय ६ फुटांचा पुरतो. नाट्यगृहाचा लाकडी रंगमंच गुळगुळीत असतो, खिळा ठोकायला परवानगी नसते. किकच्या पायांच्या टोकदार पिना गालिच्यात रुतल्या नाहीत तर तिसऱ्या गाण्यापर्यंत किक वीतभर पुढे सरकलेली असते. स्टूल गालिच्यावरच हवं, म्हणजे तुमच्याच वजनाने गालिचा दबून राहतो. लेव्हलवर (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावर) बसवणार असतील तर ८ बाय ८ फूट मागा. दोन लेव्हल जोडून देत असतील तर सांधा किकच्या किंवा स्टुलाच्या खाली येऊ देऊ नका.

पेडल लावताना क्लॅम्पकडे नीट बघा. हूप (किकच्या कडेची रिंग) लाकडी आणि जाड असेल तर पेडलचा स्क्रू आधी पूर्ण सैल करून घ्या, नाहीतर क्लॅम्प तिरपा बसतो आणि वाजवताना सुटतो. तुमचं पेडल घरच्या २२ इंची किकला लावलेलं असेल आणि इथे २० मिळाली, तर बीटरची (किकवर आपटणाऱ्या गोळ्याची) दांडी थोडी खाली घ्या. बीटर हेडच्या मध्याच्या जरा वर लागला तर चालेल.

ऑक्टोपॅडही (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) असेल तर त्याचा मूळ अडॅप्टरच आणा. रोलंडच्या पॅडला ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो. उलट ध्रुवाचा अडॅप्टर लावू नका. साउंडवाल्याला चॅनेलची यादी आधी पाठवा: किक, स्नेअर, हाय-हॅट, तीन टॉम, दोन ओव्हरहेड (वरून लावायचे माइक) असे ८, आणि पॅडचे डावे-उजवे मिळून १०. पॅडसाठी दोन डीआय बॉक्स (पॅडची वायर मिक्सरला जोडायच्या डब्या) वेगळे सांगावे लागतात, न सांगता मिळत नाहीत.

आता वेळेचं गणित, इथेच बाहेरगावचे बँड फसतात. नाट्यगृह सत्रांनी दिलं जातं. रविवारी दुपारी त्याच रंगमंचावर नाटकाचा प्रयोग असेल, तर त्यांचा सेट उतरल्याशिवाय तुम्हाला रंगमंच मिळणार नाही. मधला वेळ तासाभराचाच धरा. म्हणून किट विंगेत किंवा मागच्या मोकळ्या जागेत आधीच जोडून ठेवा, सुरात लावून घ्या, आणि रंगमंच मोकळा झाला की नुसतं उचलून आत न्या. टॉम लावताना समोरासमोरचे रॉड जोडीने, एका वेळी अर्धा फेरा असे फिरवा. हेडला मधोमध खड्डा पडला असेल तर त्याच्याशी झगडण्यात वेळ घालवू नका. ते थोडं वर ताणा, जेलचा (आवाजाची घुमट कमी करणारा चिकट पदार्थ) एक तुकडा चिकटवा आणि पुढे जा.

गाडीने येणार असाल तर इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा ५ जून २०२५ पासून खुला आहे, त्यामुळे कसारा घाट टळतो. अडकायला होतं ते त्याच्या पुढे, भिवंडी बायपास ते खारेगाव. तिथून वाशीसाठी मुंब्रा बायपास, शिळफाटा, महापे असं या. कळवा-विटावा-ऐरोली हा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली कोंडी होते आणि पावसाळ्यात पाणी साचतं. दुपारी १ पर्यंत वाशीत पोचायच्या हिशेबाने निघा.

रेल्वेने येणार असाल तर पंचवटी एक्सप्रेस ठाण्याला थांबते. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो सामान मोफत नेता येतं. सिम्बल, स्नेअर, पेडल आणि सुटे भाग मिळून त्याच्या आत सहज बसतात. ठाण्याला उतरलात की वाशीच्या आणि पनवेलच्या लोकल ९, १० आणि १०अ या फलाटांवरून सुटतात. सामान घेऊन वाशीच्याच लोकलच्या मालडब्यात चढा. तुर्भे गेलं की बॅगा दाराशी आणून ठेवा.

एक गोष्ट मात्र शनिवारीच बघून ठेवा: मेगाब्लॉक. रविवारी दुरुस्तीसाठी ठाणे-वाशी मार्ग बंद असू शकतो, आणि ब्लॉक बहुधा सकाळी ११ च्या सुमारास सुरू होऊन दुपारी ४ पर्यंत चालतो. पंचवटी वेळेवर आली तर त्याआधी वाशी गाठता येते. उशीर झाला तर ठाणे स्टेशनबाहेरून थेट टॅक्सी करा, ब्लॉक संपायची वाट बघू नका.

हाच कार्यक्रम पुढे ठाण्यात एखाद्या मैदानावर होणार असेल, तर उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, विशेष परवानगीचे ठरावीक दिवस सोडून. मग साउंडचेक दुपारीच उरकावा लागतो. उन्हात तापलेल्या हेडचा सूर उतरलेला असतो, तेव्हा संध्याकाळी ऊन गेल्यावर स्नेअर आणि टॉम पुन्हा एकदा तपासून घ्या. इकडची हवा नाशिकपेक्षा कितीतरी दमट आहे. शो संपला की सिम्बल आणि पेडलची साखळी कोरडी पुसूनच बॅगेत ठेवा, आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री बॅगा उघड्या टाका.