पन्नासच्या पुढचा ठिपका

प्रिय पोरी,

काल फोनवर म्हणालीस, "काका, मशीन माझं ऐकतच नाही." अगं, ती फार नीट ऐकते. तू लिहिलंस तेवढंच ऐकते. मनातलं तिला कुठून कळणार?

साकीनाक्याच्या गाळ्यातला माझा दुसरा महिना. सीएनसी लेथवर, म्हणजे लिहिलेल्या आकड्यांवर चालून धातू कापणाऱ्या मशीनवर, प्रोग्राम हाताने भरत होतो. टूल, म्हणजे कापणारं हत्यार, 50 मिलिमीटर व्यासावर आणायचं होतं. एक्स 50 लिहिलं आणि पुढचा दशांशाचा ठिपका राहिला. आमच्या कंट्रोलच्या हिशेबात बिनठिपक्याचे 50 म्हणजे 50 मायक्रॉन, 0.05 मिलिमीटर. टूल रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगाने, थेट जॉबच्या, कापायच्या तुकड्याच्या, मध्यावर निघालं. इमर्जन्सीच्या बटणापर्यंत हात पोचेस्तोवर इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, फुटला होता आणि जॉब त्याला धरणाऱ्या चकमधून निसटून दारावर आपटला होता. दार लावलेलं होतं म्हणून वाचलो.

तेव्हापासून मशीन सुरू करायचं सायकल स्टार्ट बटण दाबण्याआधी मी प्रोग्राम मोठ्याने वाचतो, ठिपक्यासकट. तूही वाच, कुणी हसलं तर हसू दे. नवा प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ करत चालव, रॅपिड कमी ठेव, हात टूल थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर. आणि स्क्रीनवरचं 'डिस्टन्स टू गो', म्हणजे टूलला अजून किती जायचंय, ते बघ. टूल जॉबपासून बोटभर लांब आणि आकडा 70 मिलिमीटर दाखवतोय, तर तिथेच थांब. मशीन तुला सांगतेय की चुकलंय. कानही उघडे ठेव. इन्सर्ट बोथट झाला की कापण्याचा आवाज बदलतो, आणि तो स्क्रीनवर दिसत नाही.

परवा तू थ्रेडिंगचा, आटे पाडायचा, प्रोग्राम चॅटबॉटकडून लिहून घेतलास, त्याची मला जास्त धास्ती वाटते. लेथ न सांगितलेलं करत नाही. हा न सांगितलेलं स्वतःच भरतो, तेही गोड बोलून. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम जाहीर केला. माणसाचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, इतकंच. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! आपल्या भाषेत उत्तर आलं की समोरच्याला कळलं असं वाटतंच. म्हणून चॅटबॉटला मटेरियल, पिच (दोन आट्यांमधलं अंतर), मशीनचा कंट्रोल सगळं सांग, कुठला आकडा त्याने मनाने धरला ते विचार, आणि ड्रॉइंग समोर ठेवून ओळ न् ओळ तपास.

आणि हो, ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, बदललास तर शिफ्ट सोडण्याआधी वहीत लिही: कुठल्या टूलचा, किती, कशासाठी. रात्रपाळीवाल्याला मशीन फक्त आकडा दाखवेल. कशासाठी बदलला, ते तूच सांगायचंस.

तुझा,
काका