कात्रीच्या बोटांचा माणूस

"मॅडम, हा माणसांत मिसळतच नाही," समुपदेशनासाठी मुलाला घेऊन आलेल्या आईने खुर्चीत नीट टेकायच्या आतच सांगितलं आणि पिशवीतून वही काढून माझ्यासमोर ठेवली. "आणि ही असली चित्रं!"

सोळा वर्षांचा मुलगा शेजारी जाकिटाची चेन वरखाली करत बसलेला. वहीत पानोपानी एकच माणूस. काटकुळा, केस पिंजारलेले, बोटांच्या जागी कात्र्या. मित्र नाहीत, कुणाच्या वाढदिवसाला जात नाही आणि हाताला कात्र्या असलेल्या एडवर्डचा १९९० सालचा इंग्रजी सिनेमा 'एडवर्ड सिझरहॅन्ड्स' पुन्हा पुन्हा बघतो. आईने धसका घेतला होता तो त्या पात्यांचा.

थोडा मीही घेतला, खोटं कशाला बोलू. आईला बाहेर थांबायला सांगून मी त्याला सरळ विचारलं, "स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा करावी असं मनात येतं का?" हे आडवळणाने विचारू नये. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. त्याने पहिल्यांदा मान वर केली. "नाही हो. एडवर्डला कापायचं नसतंच कुणाला. त्याला आवडणाऱ्या मुलीला जवळ घ्यायचं असतं, पण घेता येत नाही."

मी पात्यांकडे बघत बसले होते, तो हातांबद्दल बोलत होता.

"आणि सिनेमातली बाकीची माणसं? वाईट आहेत का?"

"तेच तर! आधी सगळे छान वागतात. झुडपं कापून घेतात, केस कापून घेतात. मग बिनसतं."

त्याचंही तसंच झालं होतं. नव्या शाळेत पहिले दोन महिने 'मला पण काढून दे' म्हणत पोरं त्याच्या बाकाभोवती असायची. मग त्याने एकाचं व्यंगचित्र काढलं, ते वर्गभर फिरलं आणि मधल्या सुट्टीत हा एकटा पडला. घरी अवाक्षर नाही.

मी सिनेमा पाहून आले. पुढच्या भेटीत बाकीचं त्यानेच पुरवलं. दिग्दर्शक टिम बर्टन कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये वाढला, तो असाच एकलकोंडा, राक्षसांच्या सिनेमांत रमणारा. आपलं मन कुणापर्यंत पोचतच नाही असं वाटायच्या वयात त्याने हा पात्यांच्या बोटांचा माणूस कागदावर काढला होता. पटकथा मात्र कॅरोलाइन थॉम्पसनची. चित्रीकरणासाठी फ्लोरिडातल्या खऱ्या वस्तीतली घरं फिक्या रंगांत रंगवली. एडवर्डला घडवणारा म्हातारा म्हणजे व्हिन्सेंट प्राइस, बर्टनचं लहानपणापासूनचं दैवत. डिस्नेत नोकरीला असताना बर्टनला गोंडस कोल्हे काढायचं काम होतं आणि ते काही केल्या त्याच्या हातून उतरेनात. हे सांगताना पोरगा चक्क हसला. आईने त्याला 'जरा छान काहीतरी काढ' म्हणून निसर्गचित्रांचा क्लास लावला होता.

आईला हे सांगितलं तर तिचे डोळेच चमकले. "म्हणजे हाही दिग्दर्शक होईल?"

आली का पंचाईत! एकटी राहणारी बहुतेक मुलं दिग्दर्शक बिग्दर्शक होत नाहीत, आणि आम्ही त्यासाठी भेटतही नव्हतो. झोप-जेवण बिघडलं, शाळा नको झाली, आवडत्या चित्रांतूनही मन उडालं किंवा मरणाची भाषा आली तर लगेच या, असं मी बजावलं. यातलं काहीच त्याच्यात दिसत नव्हतं. व्यंगचित्राचं प्रकरण वर्गशिक्षिकेच्या कानावर घालायचं ठरलं, त्याला विचारून. आणि आईला एकच काम दिलं. 'असलं का काढतोस' हे बंद. त्या माणसाविषयी रोज एक प्रश्न, आणि उत्तर आल्यावर गप्प बसायचं. हे दुसरं तिला फार जड गेलं.

चौथ्या भेटीला दोघं दारातून आत आली तीच वाद घालत. पात्यांच्या बोटांनी बुटाची नाडी बांधणार कशी, हा आईचा मुद्दा. म्हणून त्याला नाडी नसलेले बूट हवेत. मुलाला ते अजिबात पसंत नव्हतं.